नाशिकमध्ये तरुण वयात स्तनाचा कर्करोग : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिडकोत राहते, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. ३१व्या वर्षी मला स्तनाचा कर्करोग झाला. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, आता गोळी आणि इंजेक्शन चालू आहे. तेव्हापासून आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच. कधी निफाडहून मावसबहिणीची जाऊ असते, कधी कंपनीतल्या कुणाची बायको, कधी दवाखान्यात ओळख झालेली एखादी ताई. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. माझ्यावर जे गुजरलं आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, तेवढंच इथे आहे.

गाठ कळली कशी?

मुलीचं दूध तोडून तीन महिने झाले होते. आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या जवळ, सुपारीएवढं काहीतरी कडक हाताला लागलं. दाबलं तर दुखत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त झाले. हीच समजूत चुकीची होती. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दुखणारी आणि पाळी झाली की मऊ पडणारी गाठ बहुधा साधी निघते. माझी मात्र पाळी येऊन गेली तरी तशीच होती. आरशासमोर दोन्ही हात वर केले की त्या जागी कातडीला बारीक खळी पडायची, तीही मी पाहिली होती. पण खळीचा अर्थ मला कुणी कधी सांगितलेला नव्हता.

मग चार महिने का थांबलात?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात. मी सरळ सांगते. मी दाखवायला गेले होते, दुसऱ्याच आठवड्यात. ज्यांना दाखवलं त्यांनी हात लावून पाहिलं, वय विचारलं, मुलीचं वय विचारलं आणि म्हणाले, “दुधाची गाठ आहे, जिरेल. या वयात दुसरं काही नसतं.” गोळ्या दिल्या. सोनोग्राफीची चिठ्ठी दिली नाही आणि मीही मागितली नाही, कारण मला तेच ऐकायचं होतं. बाहेर पडून मी सासूबाईंना फोन केला आणि येताना पेढे घेऊन आले.

चार महिन्यांत सुपारीची लिंबाएवढी झाली, काखेतही एक गाठ लागायला लागली.

तरुण बाईच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे अगदी खरं आहे. फायब्रोअॅडिनोमा नावाची साधी गाठ या वयात सर्रास सापडते, दुधाच्या गाठीही होतात. म्हणून गाठ लागली की कर्करोगच, असं समजून कुणी हबकू नये. पण ती साधी आहे हे तपासून ठरायला हवं. जन्मतारीख बघून ते ठरत नाही. तीन गोष्टी लागतात : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका असेल तर सुईने काढलेला तुकडा. मला पहिल्या गोष्टीवरच घरी पाठवलं. हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः याच एका उत्तरासाठी.

माझं वय २९ आहे. मॅमोग्राफी करू का सोनोग्राफी?

कमी वयात स्तनाची ऊती दाट असते आणि मॅमोग्राफीच्या फोटोत ती पांढरी दिसते. गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती लपून जाऊ शकते. म्हणून तरुण बाईची सहसा आधी सोनोग्राफी करतात आणि संशय आला तर मॅमोग्राफी. माझी दोन्ही झाली. अंगावर दूध पाजत असाल किंवा दिवस गेले असतील तरी सोनोग्राफी करता येते, त्यात किरण नसतात. ‘दूध बंद झालं की या’ असं कुणी सांगितलं तर त्यावर थांबू नका.

रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. १ म्हणजे सगळं ठीक, २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे बहुधा साधीच, पण सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघायची. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं. माझा ५ होता.

सुई टोचली की रोग पसरतो, असं घरचे म्हणतात.

माझ्या आईनेही हेच म्हटलं होतं, रडत रडत. डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं, की बायोप्सीमुळे रोग पसरत नाही आणि बायोप्सीशिवाय कोणतं औषध द्यायचं हेच ठरत नाही. ‘कोअर बायोप्सी’ असं नाव घेऊन विचारा. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढण्यापेक्षा ही वेगळी असते. जागा बधिर करतात, स्टेपलरसारखा ‘टक’ आवाज येतो आणि शेवयांसारखे बारीक तुकडे निघतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

तपासणी न करता आधी गाठच कापून टाकू, असं कुणी सुचवलं तर दुसरीकडे दाखवा. काय आहे हे कळण्याआधी कापाकापी झाली, की पुढच्या उपचारांची आखणी बिघडते.

बायोप्सीच्या रिपोर्टमधलं काय बघायचं?

पहिला रिपोर्ट कर्करोग आहे की नाही आणि कोणत्या ग्रेडचा, म्हणजे १ ते ३ मध्ये किती आक्रमक, ते सांगतो. त्यानंतर काही दिवसांनी येणारा दुसरा रिपोर्ट जास्त महत्त्वाचा. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतात. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढते, मग हार्मोन अडवणारं औषध चालतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, साधारण वर्षभर. पूर्वी ते फार महाग होतं. आता भारतातच बनलेली त्याची रूपं मिळतात, म्हणून किंमत उतरली आहे. हर-टू ‘२+’ आला तर त्याचा अर्थ अजून ठरलेलं नाही, त्यासाठी ‘फिश’ नावाची तपासणी पाठवतात. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तरुण वयात तो प्रकार तुलनेने जास्त दिसतो आणि त्यात केमोवर मोठा भर असतो.

माझा ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रेड ३.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि बायोप्सीचे ‘ब्लॉक आणि स्लाइड’, म्हणजे मेणात जपलेले तुकडे आणि काचपट्ट्या, कुठे ठेवले आहेत ते विचारून ठेवा. मुंबईत दाखवायला गेलात तर तेच मागतात.

एवढ्या लहान वयात झालाच कसा? काय चुकलं?

काही चुकलं नाही. काळी ब्रा, डिओ, मोबाइल, मायक्रोवेव्ह, कुणाची नजर… मी सगळं ऐकलं आहे. यातल्या कशानेही होत नाही. अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो हे खरं, पण पाजलेल्या बाईला होतच नाही असं मात्र नाही. मी पावणेदोन वर्षं पाजलं होतं. उलट बाळंतपणानंतरची काही वर्षं धोका किंचित वाढलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात सापडतो, असं डॉक्टर सांगतात. वॉर्डात बसलं की ते डोळ्यांना दिसतं.

नाशिकमध्येच उपचार घ्यावेत की टाटाला जावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यावर घराघरात भांडणं होतात. आमच्याकडेही झालं. सासरे म्हणाले टाटा, भाऊ म्हणाला इथेच.

आम्ही दोन्ही केलं. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून परळला गेलो, सोबत ब्लॉक, स्लाइड आणि सगळ्या स्कॅनच्या सीडी. टाटा मेमोरियल १९४१ पासून हेच काम करतं. तिथे तुकडे पुन्हा तपासले आणि उपचारांची दिशा लिहून दिली. मग केमो नाशिकमध्ये घेतली. ज्या शहरात आपली गादी आणि आपली माणसं आहेत तिथे केमो घेण्याला मोल आहे, हे माझं ठाम मत. केमोच्या तिसऱ्या दिवशी कसारा घाटात उलट्या करत घरी येणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. नाशिकमध्ये केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन तिन्ही होतात. एकदा दुसरं मत जरूर घ्या, पण पाच ठिकाणी मतं गोळा करत दोन महिने घालवू नका.

मुंबईला राहावं लागलं तर दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या कर्करुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी विचारा. रेल्वेत कर्करुग्णाला सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तर पूर्ण माफी. त्यासाठीचा छापील फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो.

आधी ऑपरेशन न करता केमो का दिली? रोग आतच ठेवला म्हणून काळजी वाटते.

गाठ मोठी असेल किंवा काखेत गेली असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात. मग बऱ्याचदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही आणि औषध लागू पडतंय का तेही कळतं. माझी गाठ दुसऱ्या केमोनंतर हाताला मऊ लागली. सुरू करण्याआधी गाठीत धातूची बारीक क्लिप घालून घ्यायची. गाठ पूर्ण विरली तर सर्जनला जागा सापडावी म्हणून. आमच्या वॉर्डात एका ताईची क्लिप राहून गेली होती आणि मग फार शोधाशोध झाली. तुम्ही स्वतः विचारा.

केमो कशी असते?

माझ्या १६ झाल्या. पहिल्या चार दर २१ दिवसांनी, त्यांत एक लाल रंगाचं औषध होतं. ते घेतल्यावर दिवसभर लघवी लाल होते, रक्त समजून घाबरू नका. त्याआधी हृदयाची टूडी एको करतात. नंतरच्या १२ दर आठवड्याला.

लाल औषधाचे पहिले चार-पाच दिवस वाईट. उलटीची औषधं आता चांगली आहेत, पण तोंडाची चव जाते, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं. मला गार ताक, मुगाचं कढण आणि द्राक्षं जायची. मात्र कच्चं, कापून ठेवलेलं, बाहेरचं बंद. द्राक्षंही आई तीनदा धुवायची. आठवड्याच्या औषधांत हातापायांना मुंग्या आल्या, नखं काळी पडली. औषध चालू असताना बोटांना बर्फाचे मोजे घालतात, त्याने मला फरक पडला.

हाताच्या शिरा खराब होऊ नयेत म्हणून छातीत पोर्ट, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडायची कातडीखालची छोटी डबी, बसवून घेतला. त्याची एवढी भीती वाटत होती, पण तोच माझा सर्वांत चांगला निर्णय ठरला.

आणि एक गोष्ट दारावर लिहून लावा : ताप १००.४ झाला किंवा त्याच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, अशा वेळी साधा संसर्गही काही तासांत अंगावर येतो. मला सहाव्या आठवड्यात आला होता. नवऱ्याने त्या रात्री गाडी काढली म्हणून वाचले असं मी समजते.

केस कधी गेले?

पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी. उशी, कंगवा, न्हाणीघराची जाळी, सगळीकडे केसच केस. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला मशीन फिरवायला सांगितलं. मुलगी अडीच वर्षांची होती, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ‘आई, बाळ’ म्हणाली. भुवया नंतर गेल्या, त्याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण चेहरा अनोळखी झाला. केमो संपल्यावर दोन महिन्यांत लव आली. आता खांद्यापर्यंत आहेत.

पुढे मूल होऊ शकतं का?

हा प्रश्न केमो सुरू होण्याआधी विचारायचा असतो आणि तेव्हा कुणालाच सुचत नाही. डॉक्टर जीव वाचवायच्या घाईत, घरचे धक्क्यात. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर तिच्यासमोर हा विषयही काढत नाहीत, हे मला फार लागतं. केमोने बीजकोशांना इजा होऊ शकते. आधी स्त्रीबीजं किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. लग्न झालेलं नसेल तरी स्त्रीबीजं ठेवता येतात. हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर त्या दिवसांत हार्मोन फार चढू नयेत म्हणून सोबत लेट्रोझोलची गोळी देतात. आम्ही गर्भ गोठवले आहेत.

२०२३ साली ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. हार्मोन अडवणारी गोळी दीड ते अडीच वर्षं घेतल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ थांबवून बाळंतपण केलेल्या बायकांमध्ये, निदान पहिल्या काही वर्षांत तरी, आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. गोळी चालू असताना मात्र दिवस जाता कामा नयेत.

स्तन काढला का?

लोक थेट छातीकडे बघून विचारतात, म्हणून थेट सांगते. नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला, काखेतल्या गाठी काढल्या. योग्य रुग्णात गाठ काढून रेडिएशन दिलं, तर जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते. अमेरिकेत आणि इटलीत वीस वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांनी २००२ सालीच हे दाखवलं. ‘सगळं काढूनच टाका, टेन्शन नको’ असं घरचे म्हणतात ते मायेने, पण शरीर त्या बाईचं आहे. जिला काढावाच लागतो तिच्यासाठी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया असते. तीही आधी विचारायची.

ऑपरेशननंतर काखेजवळ नळी आणि खाली डबा असतो, त्यात साचलेलं पाणी रोज मोजून लिहायचं. हात वर करायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्या दिवसापासून करा. मी भिंतीवर बोटांनी चढत रोज पेन्सिलीची खूण करायचे. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, वर्षांनंतरही. भाजी चिरताना कापलं किंवा भाजलं तर लगेच लक्ष द्या.

रेडिएशन?

केमोच्या मानाने सोपं. सोमवार ते शुक्रवार रोज, माझे १५ आणि वर गाठीच्या जागेचे ५. डावी बाजू होती, म्हणून हृदय वाचवायला श्वास रोखून धरायला शिकवलं. कातडी जांभळासारखी काळी पडली, नंतर उजळली. थकवा मात्र शेवटी शेवटी येतो.

उपचार संपले, मग अजून औषध कसलं?

रोजची हार्मोन अडवणारी गोळी आणि बीजकोश झोपवून ठेवणारं पोटातलं इंजेक्शन. एकूण पाच वर्षं, कदाचित जास्त. म्हणजे ३२व्या वर्षी रजोनिवृत्ती. भर थंडीत अंगातून वाफा निघतात, सांधे आखडतात, झोप उडते, आणि नवऱ्याजवळ जाताना कोरडेपणामुळे दुखतं. हे शेवटचं कुणीच बोलत नाही. डॉक्टरांना सांगा, हार्मोन नसलेली जेल मिळतात. या त्रासाला कंटाळून गोळी मधेच सोडणाऱ्या बाया मला माहीत आहेत. सोडू नका, आधी बोला.

खर्च कसा केला?

थोडा कंपनीच्या विम्यातून, थोडा भावाकडून. पण बहुतेकांना उपयोगी पडेल ते सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन येतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही चालतं. रुग्णालय योजनेतलं हवं. दारातच योजनेचा माणूस, ‘आरोग्यमित्र’, बसतो, उपचार सुरू व्हायच्या आधी त्याला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट द्या. आधी बिल भरून नंतर योजना मागितली तर ते पैसे परत मिळवणं अवघड. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. सरकारीत शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे.

माझ्या बहिणीला, मुलीला होईल का?

१०० पैकी साधारण ५ ते १० रुग्णांत तो घराण्यातून आलेल्या जनुकातल्या दोषाने होतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांतली मुख्य. तरुण वयात झाला तर ही रक्ततपासणी करून घ्यावी. दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि आजीचीही माहिती सांगा. माझी तपासणी निगेटिव्ह आली, त्या दिवशी माझी बहीण फोनवर नुसती रडत होती.

काढा, गोमूत्र, अमुक गावचं झाडपाल्याचं औषध?

सासूबाईंनी सप्तशृंगीला नवस बोलला होता. तो आम्ही गडावर जाऊन फेडला आणि मला त्यातून बळ मिळालं. पण पोटात घ्यायचं कोणतंही औषध केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, यकृतावर ताण येतो. केमो सोडून झाडपाल्याकडे गेलेली एक ओळखीची मुलगी सात महिन्यांनी परत आली, तेव्हा गाठ फुटलेली होती. ती आता नाही. तिचा चेहरा आठवला की या प्रश्नावर मी मऊ बोलू शकत नाही.

भेटायला गेल्यावर काय बोलावं?

‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका. आमच्या लांबच्या कुणाला झालं होतं आणि ती कशी गेली, हेही सांगू नका. डबा न्या, पोराला तासभर बागेत न्या, रक्ताचा रिपोर्ट आणून द्या. शेजारच्या काकू दर सोमवारी फक्त भाकरी करून देऊन जायच्या, घरात येऊन बसायच्याही नाहीत. त्या भाकऱ्या मी विसरणार नाही.

आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मला गाठ लागली आहे. उद्या काय करू?

कोणती बाजू, स्तन घड्याळासारखा धरला तर कोणत्या आकड्याजवळ, शेवटची पाळी कधी आली, हे कागदावर लिहा आणि फोन बाजूला ठेवा. सकाळी सर्जनकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, शक्यतो कुणालातरी सोबत घेऊन. उपाशीपोटी जायची गरज नाही. हाताने तपासून झाल्यावर दोन्ही स्तनांच्या आणि काखेच्या सोनोग्राफीची चिठ्ठी मागा. रिपोर्टमधला आकडा स्वतः वाचा. ३ असेल तर पुन्हा यायची तारीख लिहून घ्या, ४ किंवा ५ असेल तर त्याच आठवड्यातली कोअर बायोप्सीची वेळ घेऊनच बाहेर पडा. आणि समोरच्यांनी काही न करता ‘तुमचं वय लहान आहे’ एवढंच म्हटलं, तर खुर्चीवरून उठू नका. चिठ्ठी मागा.